लाल की करडा: सेलेनियमचा पातळ थर विजेने बसवताना

चोरबाजारात मटन स्ट्रीटवर एकदा जुनं लाइट मीटर, म्हणजे फोटो काढताना उजेड मोजायचं यंत्र, हाती लागलं. वेस्टन मास्टर, तळहातात मावणारं, मागे मधमाशीच्या पोळ्यासारखी काच आणि काचेमागे करडी चकती. बॅटरी घालायला जागाच नाही. दुकानदाराने ते उन्हाच्या तिरिपेत धरलं तसा काटा उडाला. ‘चालू पीस आहे मॅडम,’ असं म्हणून त्याने लगेच भाव वाढवला. ती चकती सेलेनियमची. पडलेल्या उजेडावर ती स्वतःच करंट तयार करते.

सेलेनियमचा हा गुण योगायोगाने कळला. समुद्राखालून टाकायच्या तारांची चाचणी करताना विलोबी स्मिथ यांना मोठ्या रोधाच्या कांड्या हव्या होत्या, म्हणून त्यांनी सेलेनियम वापरलं. पण उजेड बदलला की रोध बदलायचा. हे त्यांनी १८७३ मध्ये जाहीर केलं. १८८३ मध्ये चार्ल्स फ्रिट्स यांनी सेलेनियमवर सोन्याचा झिरझिरीत पापुद्रा देऊन सौर घट बनवला. त्याची कार्यक्षमता एक टक्काही नव्हती, पण सिलिकॉनच्या घटाच्या सत्तर वर्षं आधी तो चालला होता.

आता हाच थर आपल्या लॅबमध्ये, बीकरमध्ये, पोटेन्शिओस्टॅट (विजेचा दाब, म्हणजे पोटेन्शियल, ठरवलेल्या आकड्यावर धरणारं उपकरण) लावून कसा बसवायचा ते सांगते. एमएस्सीच्या प्रोजेक्टला दरवर्षी कोणी ना कोणी हा विषय घेतं आणि दरवर्षी त्याच चार ठिकाणी अडकतं. लेख फ्यूम हूड, म्हणजे विषारी वाफा ओढून घेणारं कपाट, असलेल्या लॅबसाठी आहे. घरच्या गॅलरीत मोबाइलचा चार्जर लावून करायचं हे काम नाही, त्याचं कारण पुढे येईलच.

आधी दोन सेलेनियम ओळखा

खोलीच्या तापमानाला विजेने बसवलेलं सेलेनियम बहुधा लाल येतं. ते अस्फटिकी असतं आणि अंधारात जवळजवळ वीजरोधक. गरम बाथमधून (इलेक्ट्रोड बुडवायच्या गरम द्रावणातून) येतं ते करडं, अणूंच्या लांबच लांब पिळदार साखळ्यांनी बनलेलं स्फटिकी सेलेनियम. हे पी-टाइप अर्धवाहक आहे आणि त्याचा बँडगॅप (इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी ऊर्जा) साधारण १.८ ते १.९ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. लाइट मीटरमधलं सेलेनियम ते हेच.

सगळी गोम इथे आहे. तांब्याचा मुलामा देताना बसलेला थर स्वतःच वीज वाहतो, त्यामुळे पुढचा थर आरामात बसतो. लाल सेलेनियम मात्र बसता बसता खालच्या इलेक्ट्रोडचाच गळा दाबतं. थर जरा झाकला गेला की करंट घसरायला लागतो. पहिल्या वेळी विद्यार्थी धावत येतो, ‘मॅडम, करंट मेला!’ वायर तपासतो, क्लिप बदलतो, पोटेन्शिओस्टॅटला शिव्या घालतो. उपकरण ठीक असतं. थरानेच दार लावून घेतलेलं असतं.

मग पोरं दुसरी चूक करतात. करंट वाढावा म्हणून पोटेन्शियल आणखी ऋण बाजूला ढकलतात. करंट वाढतो खरा, पण आता सेलेनियमचंच पुढे क्षपण होऊन हायड्रोजन सेलेनाइड तयार व्हायला लागतो. तो द्रावणातल्या सेलेनस आम्लाला (सेलेनियम डायऑक्साइड पाण्यात विरघळून होतं ते) भेटला की दोघे मिळून पुन्हा सेलेनियम देतात, यावेळी इलेक्ट्रोडवर नाही तर द्रावणातच, लाल गढूळ भुकटीच्या रूपात. बीकरमध्ये टोमॅटो सूप दिसलं की समजायचं, घाई झाली.

हायड्रोजन सेलेनाइड अतिशय विषारी वायू आहे. कामाच्या ठिकाणच्या हवेत त्याची मान्य मर्यादा ०.०५ पीपीएम, म्हणजे हायड्रोजन सल्फाइडपेक्षा कितीतरी कडक. वास सडक्या मुळ्यासारखा येतो आणि थोड्या वेळाने नाक बधिर होऊन येईनासाही होतो. म्हणून ‘वास गेला, म्हणजे वायू गेला’ हा हिशेब इथे चालत नाही. फ्यूम हूड चालू नसेल तर त्या दिवशी प्रयोग नाही.

सामान

हवं ते असं: सेलेनियम डायऑक्साइड किंवा सोडियम सेलेनाइट, निर्जल सोडियम सल्फेट, सल्फ्युरिक आम्ल, डीआय (क्षार काढलेलं) पाणी, एफटीओ काच (वीज वाहणारा टिन ऑक्साइडचा थर दिलेली), प्लॅटिनमची तार किंवा जाळी, सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइड संदर्भ इलेक्ट्रोड (ज्याच्या तुलनेत पोटेन्शियल मोजायचं), थर्मोस्टॅट असलेला वॉटर बाथ, नायट्रोजनचा सिलिंडर. काचसामान आणि रसायनांसाठी प्रिन्सेस स्ट्रीट, मल्टिमीटर आणि क्लिपांसाठी लॅमिंग्टन रोड, हे मुंबईकराला सांगायला नको. प्लॅटिनम परवडत नसेल तर ग्रॅफाइटची कांडी चालते, पण तिचे कण झडतात. ती तळाला सच्छिद्र चकती असलेल्या नळीत ठेवा.

सेलेनियम डायऑक्साइडबद्दल जरा थांबून सांगते, कारण मुंबईत ते वेगळंच वागतं. ही पांढरी पूड हवेतलं पाणी अधाशासारखी ओढते. जुलैमध्ये झाकण उघडून तुम्ही तराजूचं शून्य लावेपर्यंत आकडा चढायला लागतो. पूर्ण पाणी ओढलं की तिचं सेलेनस आम्ल होतं. डायऑक्साइडचं रेणुभार १११, आम्लाचं १२९. म्हणजे तुम्हाला वाटतं तितकं सेलेनियम तोलात नसतं, चौदा टक्क्यांपर्यंत कमी भरतं. उपाय दोन. एक, कोरड्या दिवशी मोठं स्टॉक द्रावण एकदाच करून ठेवा: १.११ ग्रॅम १०० मिलिलिटरमध्ये, म्हणजे ०.१ मोलर. दोन, सोडियम सेलेनाइट वापरा, ते तोलायला शहाणं आहे. फक्त बाटलीवरचं लेबल वाचा. निर्जलचं रेणुभार १७२.९, पाच पाणीवाल्याचं २६३. ही चूक आमच्याकडे एकीने केली आणि तीन आठवडे सगळे थर अर्ध्या जाडीचे आले.

पूड थोडी गुलाबी दिसली तर घाबरू नका. धूळ किंवा सेंद्रिय कचरा लागून थोडं सेलेनियम सुटं झालेलं असतं. द्रावण करून गाळून घ्या. फार लाल असेल तर बाटली बदला.

हातमोजे नायट्रिलचे, आणि नखं कापलेली. सेलेनियम डायऑक्साइड नखाखाली शिरलं की दिवसभर ठणकतं. शरीरात सेलेनियम जास्त गेलं की श्वासाला लसणाचा वास येतो, डायमिथाइल सेलेनाइडमुळे. वडापावची चटणी न खाता तसा वास येत असेल तर काम थांबवून डॉक्टर गाठा.

काच, आणि तांब्याचा मोह

एफटीओ काच, शीट रेझिस्टन्स ७ ते १५ ओहमची, १ बाय २.५ सेंटिमीटरच्या पट्ट्या कापून घ्या. आयटीओ काचा (इंडियम ऑक्साइडचा थर दिलेल्या) सहज मिळतात, पण आम्लात ऋण पोटेन्शियलला इंडियम ऑक्साइडचंच क्षपण होऊन काच तपकिरी पडते. मग थर कुठला आणि काच कुठली ते कळत नाही.

आणि तांब्याची पट्टी? स्वस्त आहे, हाताशी आहे, चांगली वीज वाहते, म्हणून प्रत्येक बॅचमध्ये कोणीतरी ती बुडवतंच. बुडवताक्षणी, वीज न लावता, पट्टी काळी पडते. मुलगा खूश: ‘बसलं!’ ते सेलेनियम नव्हे. तांबं सेलेनस आम्लाशी थेट भिडून त्याचं कॉपर सेलेनाइड झालंय. बंदुकीच्या नळ्या आणि पितळी मूर्ती काळ्या करायच्या द्रावणांत हीच युक्ती असते. चांदीचं तेच, सिल्व्हर सेलेनाइड होतं. म्हणून क्रोकोडाइल क्लिप, तांब्याची टेप यांतलं काहीही बाथला लागता कामा नये. वाफेचा थेंब क्लिपवरून ओघळून आत पडला तरी थरात तांबं येतं. काचेचं वरचं एक सेंटिमीटर कोरडं ठेवा आणि क्लिप तिथेच लावा. बजेट असेल तर सोनं उत्तम. सोन्यावर सेलेनियमचा पहिला अणुथर नेहमीच्या पोटेन्शियलच्या आधीच घट्ट बसतो आणि पुढच्याला पकड मिळते.

काच धुणं कंटाळवाणं आहे, पण थर सोलून येण्याची निम्मी कारणं इथेच असतात. साबणाच्या पाण्यात अल्ट्रासोनिक बाथमध्ये १० मिनिटं, मग डीआय पाणी, मग अ‍ॅसिटोन, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, प्रत्येकी १० मिनिटं. शेवटी नायट्रोजनचा झोत. नळाचं पाणी पहिल्यांदा विसळायलाही नको. तानसा-भातसाचं पाणी प्यायला गोड असलं तरी त्यात क्लोरिन असतो. स्वच्छ काचेवर पाण्याचा थेंब पसरतो, मोत्यासारखा उभा राहिला तर पुन्हा धुवा.

मग मल्टिमीटरने वाहक बाजू शोधा. हसू नका, उलट्या बाजूवर तासभर वीज लावून बसलेले मी पाहिलेत. कॅप्टॉन टेपने (उष्णता सोसणाऱ्या चिकटपट्टीने) नेमकं १ चौरस सेंटिमीटर उघडं ठेवा. क्षेत्रफळ अंदाजे असेल तर जाडीही अंदाजेच.

बाथ

१०० मिलिलिटरसाठी: सेलेनियम डायऑक्साइड ०.२२२ ग्रॅम (किंवा स्टॉकचे २० मिलिलिटर), म्हणजे २० मिलिमोलर, आणि सोडियम सल्फेट १.४२ ग्रॅम, म्हणजे ०.१ मोलर. पाण्यात विरघळवा, मग पातळ सल्फ्युरिक आम्लाने पीएच २ वर आणा. वाटतं त्यापेक्षा जास्त आम्ल लागतं, कारण सल्फेट स्वतःच प्रोटॉन गिळतं. पीएच मीटर नसेल तर ०.५ मोलर आम्लाचे साधारण ५ मिलिलिटर घालून पट्टीने बघा, पण मीटर असेल तर मीटरच. पीएच २ का? सेलेनस आम्लाचा पहिला पीकेए (ज्या पीएचला निम्मं आम्ल प्रोटॉन सोडतं तो आकडा) २.६ आहे. त्याच्या खाली राहिलं की बहुतेक सेलेनियम प्रभाररहित आम्लाच्या रूपात असतं आणि अभिक्रिया सरळ चालते: एका सेलेनियम अणूला चार इलेक्ट्रॉन, चार प्रोटॉन.

नायट्रोजन २० मिनिटं सोडा, मग नळी द्रावणाच्या वर घ्या. विरघळलेला ऑक्सिजनही इलेक्ट्रॉन खातो आणि तुमचा जाडीचा हिशेब चुकवतो.

कुठलं पोटेन्शियल?

पुस्तकातला प्रमाण आकडा अधिक ०.७४ व्होल्ट, प्रमाण हायड्रोजन इलेक्ट्रोडच्या तुलनेत. आपल्या बाथला, पीएच २ आणि २० मिलिमोलर धरून, नर्न्स्टच्या समीकरणाने तो ०.६० वर येतो. सिल्व्हर क्लोराइडच्या भाषेत अधिक ०.४० च्या जवळ. पण एफटीओवर तिथे काहीही घडत नाही. ही अभिक्रिया मंद आहे, शून्याच्या बरंच खाली गेल्याशिवाय हलत नाही.

म्हणून उधार आकडा न घेता आधी सायक्लिक व्होल्टॅमेट्री करा, म्हणजे पोटेन्शियल पुढे-मागे फिरवत करंटचा आलेख (व्होल्टॅमोग्राम) काढा. वेगळ्या, वाया घालवायच्या काचेवर, अधिक ०.६ पासून उणे ०.८ पर्यंत, सेकंदाला २० मिलिव्होल्ट. पहिल्या फेरीत करंट बराच उशिरा उठतो. परतीच्या वाटेवर तो जाण्याच्या रेषेला कापून वर राहतो. हा फास दिसला की समजा, काचेवर कणांचं बीज पडलं. दुसऱ्या फेरीत म्हणूनच सुरुवात लवकर होते. आणखी खाली करंट पुन्हा उसळतो, आणि नीट बघितलं तर त्याच वेळी इलेक्ट्रोडजवळून लालसर धूर खाली उतरताना दिसतो. ती तुमची लक्ष्मणरेषा.

गणित तिला दुजोरा देतं. सेलेनियमपासून हायड्रोजन सेलेनाइड होण्याचं प्रमाण पोटेन्शियल, हायड्रोजन इलेक्ट्रोडच्या तुलनेत, उणे ०.४० आहे. पीएच २ ला ते आणखी खाली सरकतं, पण वायू अगदी अल्प प्रमाणात तयार व्हायलाही धोका धरला तर सिल्व्हर क्लोराइडच्या तुलनेत उणे ०.५५ पासूनच सावध राहावं. मी उणे ०.४ ला सुरुवात करते आणि व्होल्टॅमोग्राम बघून ५० मिलिव्होल्ट इकडे-तिकडे करते. कण विरळ पडत असतील तर सुरुवातीला उणे ०.५५ ला फक्त दोन सेकंदांचा धक्का द्यायचा, बीज दाट पडतं, मग परत वर.

गरम बाथ

आता खरं काम. वॉटर बाथ ८० अंश सेल्सिअसला लावा आणि तापमान बीकरच्या आत, इलेक्ट्रोडच्या पातळीला मोजा. बाहेर ८० आणि आत ७१ असं सर्रास असतं. त्या नऊ अंशांत थर लाल-करडा चट्ट्यापट्ट्यांचा येतो.

संदर्भ इलेक्ट्रोड थेट ८० अंशांत घालू नका, त्याचं पोटेन्शियल सरकतं. कॅलोमेल (पाऱ्याचा संदर्भ इलेक्ट्रोड) तर मुळीच नको. इलेक्ट्रोड बाहेर थंड भांड्यात ठेवून मिठाच्या पुलाने, म्हणजे क्षाराचं द्रावण भरलेल्या नळीने, जोडा. इथे एक खास फसगत आहे. पूल अगारचा केला तर अगार ८५ अंशांच्या आसपास वितळतो, ८० ला ढिला पडतो आणि बाथमध्ये जेली उतरते. तळाला सच्छिद्र चकती असलेल्या नळीत सोडियम सल्फेटचं द्रावण भरा, ते पुरतं.

बीकरवर झाकण ठेवा, बाहेरून मार्करने पाण्याची पातळी आखा आणि पाणी आटेल तसं गरम डीआय पाणी घाला. थंड पाणी ओतलं की करंटमध्ये खड्डा पडतो, थरात तो रेघेसारखा दिसतो.

काच उभी, प्लॅटिनमसमोर, दोन सेंटिमीटर अंतरावर. ढवळायचं असेल तर मंद आणि सगळ्या थरांना एकाच वेगाने. पोटेन्शियल लावल्यावर आलेखाकडे लक्ष ठेवा. आधी करंट झटकन पडतो, मग कण वाढतात तसा चढतो, मग सपाट होतो. काच आधी चहाच्या पातळ रंगाची, मग तपकिरी, मग करडी आणि शेवटी जवळजवळ काळी. सपाट भाग सपाटच राहिला तर तुमचा थर वीज वाहतोय, म्हणजे करडा. सतत घसरत असेल तर कुठेतरी लाल बसतंय. थर्मामीटर बघा.

गरम करायची सोय नसेल, किंवा मुद्दाम लालच हवं असेल, तर दुसरी वाट आहे: उजेड. सेलेनियम उजेडात वीज वाहतं, त्यामुळे काचेवर तेज दिवा सोडला की खोलीच्या तापमानालाही थर थोडा वाढत राहतो. कॅल्टेकच्या लोकांनी २०१३ मध्ये सेलेनियम-टेल्युरियमवर हेच ताणून दाखवलं. कुठलाही मुखवटा न लावता, निव्वळ एकसारख्या उजेडात, थर स्वतःहून रेघारेघांचा उगवला. आमच्या लॅबमध्ये एवढं सुंदर काही उगवलं नाही. खिडकीतल्या उन्हाचा कवडसा अर्ध्या काचेवर पडून अर्धा थर जाड झाला, एवढंच. म्हणून बीकरला फॉइल गुंडाळा, नाहीतर पूर्ण काचेवर सारखा उजेड द्या.

जाडी: कूलोम मोजा

घड्याळापेक्षा कूलोम खरे. करड्या सेलेनियमची घनता घन सेंटिमीटरला ४.८१ ग्रॅम. एक चौरस सेंटिमीटरवर एक मायक्रॉन म्हणजे ०.४८१ मिलिग्रॅम. त्याला अणुभार ७८.९७ ने भागा, चार इलेक्ट्रॉन आणि फॅरडेचा स्थिरांक ९६,४८५ यांनी गुणा, उत्तर २.३५ कूलोम. म्हणजे १ मिलिअँपिअरचा स्थिर करंट असेल तर एक मायक्रॉनला सुमारे ३९ मिनिटं, अर्ध्या मायक्रॉनला वीस. पोटेन्शिओस्टॅटला कूलोमची मर्यादा घालून द्या, तो आपोआप थांबेल. लालची घनता ४.२८ च्या आसपास, तिथे मायक्रॉनला २.०९ कूलोम.

ही जाडी वरची मर्यादा समजा. हायड्रोजन, उरलेला ऑक्सिजन आणि हायड्रोजन सेलेनाइडकडे जाणारी सहा इलेक्ट्रॉनवाली वाट हे सगळे वाटेकरी असतात. पडताळायला काच आधी आणि नंतर पाच दशांश स्थळांच्या तराजूवर तोला. पावसाळ्यात काचही ओल धरते, म्हणून दोन्ही वेळा तराजूच्या पेटीत अर्धा तास ठेवून मगच वाचा. आकडा कूलोमच्या हिशेबापेक्षा जास्त आला तर आनंदू नका. थरात मीठ अडकलंय, धुणं कमी पडलं.

बाहेर काढणं

गरम बाथमधून काढून थेट थंड पाण्यात बुडवलं की सेलेनियम काचेपेक्षा कितीतरी जास्त आक्रसतं. भेगा पडतात, कडा उचलतात. आधी ६०-७० अंशांच्या पाण्यात, मग कोमटात, मग साध्यात. झोत थरावर नको, काचेच्या वरच्या कोऱ्या भागावरून पाणी ओघळू द्या. नायट्रोजनने हलकेच सुकवा. हेअर ड्रायर लाल थरावर वापरलात तर डोळ्यांदेखत काळा पडेल, कारण अस्फटिकी सेलेनियम ४० अंशांच्या आसपासच मऊ होतं. मे महिन्यात बंद कपाटात ठेवलेले लाल नमुने जूनमध्ये काळपट निघाले, हाही आमचाच अनुभव. नमुने डेसिकेटरमध्ये (ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात), अंधारात, शक्य तर थंड खोलीत ठेवा.

लाल थर नंतर करडा करता येतो. फ्यूम हूडमध्ये, झाकलेल्या पेट्री डिशमध्ये, १३० ते १४० अंशांवर अर्धा तास. वितळणबिंदू २२१ असला तरी त्याच्या बऱ्याच आधी सेलेनियमची वाफ व्हायला लागते, म्हणून तापमान विनाकारण वाढवू नका. घनता ४.२८ वरून ४.८१ होते, म्हणजे थर आक्रसतो आणि जाड थराला भेगा जातात. एक मायक्रॉनपेक्षा जाड हवा असेल तर गरम बाथच बरा.

खरंच सेलेनियम आहे का?

सगळ्यात स्वस्त चाचणी मल्टिमीटर. थरावर कार्बन पेस्टचा ठिपका द्या. सिल्व्हर पेस्ट नको, कारण वर सांगितलंच. एक टोक एफटीओला, एक ठिपक्याला. काळ्या कापडाखाली रोध वाचा, मग कापड काढून मोबाइलचा टॉर्च काचेच्या मागून मारा. आकडा धाडकन खाली आला की विलोबी स्मिथ यांनी जे पाहिलं तेच तुम्ही पाहताय. उजेडात-अंधारात दोन्हीकडे आकडा दहा-वीस ओहमच दाखवत असेल तर थराला सुईभोकं आहेत आणि पेस्ट आत उतरून काचेला टेकलीय.

एक्स-रे डिफ्रॅक्शनमध्ये (क्ष-किरणांनी स्फटिकरचना तपासताना) करड्याची शिखरं, तांब्याच्या के-अल्फा किरणांनी, टू-थीटा २३.५, २९.७, ४१.३ आणि ४३.६ अंशांजवळ दिसतात. एफटीओचीही शिखरं सोबत येतात, म्हणून कोऱ्या काचेचा आलेख आधी घेऊन ठेवा. लाल थराला शिखरं नसतात, नुसता फुगवटा. रामनमध्ये (लेझरच्या विखुरलेल्या उजेडावरून पदार्थ ओळखताना) करड्याचं शिखर दर सेंटिमीटरला २३५ च्या आसपास, लालचं २५० ते २५५ च्या आसपास. पण रामनचा लेझर जोरात असेल तर तो लालचं तिथल्या तिथे करडं करतो आणि तुम्ही छापता की थर स्फटिकी होता. पॉवर कमीत कमी ठेवून एकाच जागी दोनदा मोजा. शिखर सरकलं तर दोष लेझरचा.

इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप कॉलेजात नसेल तर पवईला आयआयटीच्या सैफमध्ये (बाहेरच्यांनाही उपकरणं वापरू देणाऱ्या केंद्रात) पैसे भरून करून मिळतो. नमुने नेताना काच दुपदरी टेपने डबीच्या तळाला चिकटवा, थर वर. ट्रेनच्या गर्दीत खिशात ठेवलेला थर पोहोचेपर्यंत टिकत नाही.

फसलं तर

थर टेपला चिकटून पूर्ण निघतो: काच धुणं, नाहीतर थर फार जाड. एफटीओवर सेलेनियमची पकड मुळातच कमी आहे. सौर घटवाले म्हणूनच आधी टेल्युरियमचा जेमतेम नॅनोमीटरभर थर देतात. कडेला जाड, मध्ये पातळ: काच आणि प्लॅटिनम समांतर नाहीत. दोन-चार काचांनंतर त्याच बाथमधून करंट कमी येतो: सेलेनियम संपलेलं नसतं, १५८ मिलिग्रॅममधून एका थराने अर्धा मिलिग्रॅमही घेतलेला नसतो. पण अ‍ॅनोडवर थोडं सेलेनाइटचं सेलेनेट होतं, आणि सेलेनेट या परिस्थितीत इलेक्ट्रोडवर हलतच नाही. वर लाल धूळही साठलेली असते. गाळा, नाहीतर नवा बाथ करा. काळा, मखमली, बोटाला लागणारा थर: फार वेगाने बसवलाय, पोटेन्शियल वर आणा.

बेसिनमध्ये ओतू नका

वापरलेल्या १०० मिलिलिटर बाथमध्ये लिटरमागे सुमारे १,५८० मिलिग्रॅम सेलेनियम असतं. गटारात सोडायच्या पाण्यासाठी आपल्या पर्यावरण नियमांची मर्यादा लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅम. नुसतं पाणी घालून तिथवर यायचं तर एका बीकरला ३,००० लिटरहून जास्त पाणी लागेल, सोसायटीच्या गच्चीवरच्या हजार लिटरच्या तीन टाक्यांहून जास्त. आणि पातळ करून सोडणं हा उपायही नव्हे.

त्यापेक्षा सेलेनियम परत घन करा. आम्लयुक्त बाथमध्ये, हूडमध्येच, एस्कॉर्बिक आम्ल घाला, म्हणजे साधं क जीवनसत्त्व. एका मोल सेलेनाइटला दोन मोल लागतं, आपल्या १०० मिलिलिटरला ०.७ ग्रॅम. मी दीड ग्रॅम घालते. मिनिटभरात द्रावण नारिंगी, मग विटेसारखं लाल होतं. लगेच गाळलंत तर निम्मे कण गाळणीतून निसटतात, इतके बारीक असतात. तासभर ८० अंशांवर ठेवा, कण गोळा होऊन काळे पडतात आणि तळाशी बसतात. रात्रभर राहू द्या आणि सकाळी गाळा. सेलेनेट झालेला भाग यात सुटतो, म्हणून वरचं पाणीही बेसिनमध्ये नाही, घातक द्रव कचऱ्याच्या कॅनमध्ये.

गाळणकागद ओलाच झिपच्या पिशवीत भरा, सुकला की पूड उडते. पिशवीवर तारीख, वजन आणि ‘सेलेनियम, विषारी’ असं ठळक मराठीत लिहा. इंग्रजी लेबल आम्ही वाचतो, पण शनिवारी लॅब आवरणारे मामा ते न वाचता कचऱ्याच्या पेटीत टाकतात. एकदा त्यांनी अशी पिशवी उचलून मला विचारलं होतं, ‘ताई, हे कुंकू कशाला ठेवलंय?’ तेव्हापासून पिशव्यांसाठी वेगळा लाल डबा आहे, कुलूपवाला, आणि तो भरला की कॉलेजच्या घातक कचऱ्याबरोबर तळोज्याला जातो.